मूल लहान असताना शिकायचं कसं? – डॉ. इरावती कर्वे यांची ओळख



आज आपण डॉ. इरावती कर्वे यांची ओळख करून घेणार आहोत. मराठी शिकवणाऱ्यांना त्यांचं नाव नवं नाही. महाभारतातल्या व्यक्तींवर लिहिलेलं ‘युगान्त’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ हे त्यांचे लेखसंग्रहही आपल्या घराघरांत आहेत. पण एक गोष्ट मुलांना सहसा सांगितली जात नाही. इरावतीबाईंचं डॉक्टरेटचं शिक्षण माणसाच्या हाडांचं होतं. कवटी हातात घ्यायची, ती मोजायची आणि त्या मापांवरून माणसाबद्दल काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे ठरवायचं, असं ते शास्त्र. आणि या शास्त्रातलं त्यांचं बरंचसं काम घरात तीन मुलं वाढत असताना झालेलं आहे.

हा विषय निवडण्याचं कारण अगदी जवळचं आहे. आपल्या प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत एखादी तरी बाई असते जिचं एम.ए. किंवा पीएच.डी. अर्ध्यावर राहिलेलं असतं. कारण विचारलं तर ती सांगते की मूल लहान आहे, एवढ्यात काही जमणार नाही. घरचेही तेच म्हणतात. अशा वेळी इरावतीबाईंचं उदाहरण देऊन त्यांनी केलं मग तुला का जमत नाही असं विचारणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. त्यांना नेमकं काय आणि कसं जमलं, त्यात कोणाकोणाचा हात होता, हे आधी नीट पाहू.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या मिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. त्या देशातली मोठी नदी इरावती. तिचंच नाव मुलीला मिळालं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. आज आपण पहिली-दुसरीतल्या मुलाला शेजारच्या गल्लीत एकटं पाठवायला कचरतो. ही मुलगी समुद्र ओलांडून वसतिगृहात राहायला आली.

शाळेत तिची मैत्री शकुंतला परांजपे हिच्याशी झाली. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. या घराने इरावतीला आपलंसं केलं. ती त्या घरात मुलीसारखी वाढली. त्या घरात पुस्तकं होती, वाद होते, आणि मुलीने प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची पद्धत होती. पालकहो, शिक्षणाची गोष्ट अनेकदा इथून सुरू होते. शाळा कोणती हे महत्त्वाचं असतंच, पण घरात जेवताना कोणते विषय निघतात हेही तेवढंच महत्त्वाचं असतं.

१९२६ साली इरावती फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. झाली. त्यानंतर मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. ते १९२८ साली पूर्ण झालं. मधल्या काळात तिचं लग्न दिनकर कर्वे यांच्याशी झालं. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. म्हणजे इरावतीबाई ज्या घरात सून म्हणून आल्या ते घर स्त्रीशिक्षणासाठी साऱ्या देशात ओळखलं जाणारं होतं.

आणि तरीही, सुनेने पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जावं ही कल्पना महर्षींच्या फारशी पसंतीची नव्हती. ही गोष्ट मुलांना सांगताना संकोच करू नका. त्यातून महर्षींचं मोठेपण कमी होत नाही. समाजातल्या मुलींसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसालाही घरातल्या मुलीच्या बाबतीत एक पाऊल मागे घ्यावंसं वाटू शकतं, एवढंच त्यातून कळतं. आपणही शाळेत मुलींना शिका म्हणून सांगतो. घरी आल्यावर काय करतो, हे ज्याने त्याने पाहावं.

दिनकरराव मात्र ठाम होते. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. पैशांची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन झाली. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

बर्लिनच्या डालेम भागात मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था १९२७ साली नुकतीच सुरू झालेली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. फिशर यांनी आधी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्र वंशाच्या लोकांवर अभ्यास केलेला होता. माणसांचे वंश वरचे-खालचे असतात अशी त्यांची धारणा होती. पुढे नाझी राजवटीने अशाच विचारांचा आधार घेतला आणि १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इरावतीबाई तिथे होत्या तो काळ त्याच्या थोडा आधीचा. पण हवा कोणत्या दिशेने वाहते आहे हे प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर कळावं इतकं स्पष्ट होतं.

इरावतीबाईंना मिळालेला विषय होता कवटीतली असमानता. आपल्या चेहऱ्याची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. कवटीचंही तसंच. दोन्ही बाजूंच्या मापांत थोडाफार फरक असतो. फिशर यांचा कयास असा की हा फरक युरोपीय लोकांत इतरांपेक्षा वेगळा असणार, आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आणि तर्कशक्तीशी असणार. म्हणजे प्रश्न विचारतानाच उत्तर जवळपास ठरलेलं होतं. फक्त मापं घेऊन त्यावर शिक्कामोर्तब करायचं.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय लोकांच्या होत्या, तशा इतर खंडांतल्या लोकांच्याही होत्या. या दुसऱ्या कवट्या तिथे कशा पोचल्या असतील याचा विचार करा. वसाहतींतून, कुणाचीही परवानगी न घेता उचलून आणलेली माणसांची डोकी युरोपातल्या संग्रहालयांत कपाटं भरून ठेवलेली असत. पारतंत्र्यातल्या देशातून आलेली एक तरुण बाई ती मोजत बसली होती.

मापं घेऊन झाली, आकडे मांडून झाले, आणि निष्कर्ष निघाला तो असा की कवटीच्या या असमानतेचा आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही. ज्या गुरूच्या हातात पदवी होती त्याच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी तसाच लिहिला. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

शिक्षकांनो, प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर लिहायचा असतो हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. आणि मुलं काय करतात हे आपल्याला चांगलंच माहीत आहे. मार्गदर्शकातलं उत्तर आधी पाहून त्याला जुळतील असे आकडे भरतात. तेव्हा त्यांना या १४९ कवट्यांची गोष्ट सांगा. आलेला आकडा लिहायचा, अपेक्षित आकडा लिहायचा नाही. हा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण आपल्या भाषेत शोधून सापडणार नाही.

तारखा नीट लावून पाहूया

इरावतीबाईंचं उदाहरण देताना एक गडबड होऊ शकते. लहान मुलाला घरी ठेवून त्या जर्मनीला शिकायला गेल्या असं कुणी उत्साहाच्या भरात सांगून टाकेल. तसं झालेलं नाही. बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांना मूल नव्हतं. थोरली मुलगी जाई हिचा जन्म १९३२ सालचा, मुलगा आनंद १९३६ चा आणि धाकटी गौरी १९४२ ची.

मग मुलं लहान असताना काय झालं? इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि ती पदवीदान समारंभाइतकी झगमगीत नाही. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विदुषीला आपल्या विषयाचं काम लगेच मिळालं नाही. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. फायली, पत्रव्यवहार, परीक्षा, बैठका. हे काम त्यांच्या पिंडाचं नव्हतं. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि तिथे त्या समाजशास्त्राच्या रीडर म्हणून रुजू झाल्या. म्हणजे डॉक्टरेट मिळाल्यापासून विषयाची नोकरी मिळेपर्यंत नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत दोन मुलं झाली.

हे नऊ वर्षांचं अंतर मुद्दाम लक्षात ठेवा. थोरामोठ्यांची चरित्रं सांगताना आपण अशी वर्षं गाळून टाकतो. मग ऐकणाऱ्या आईला वाटतं की मोठी माणसं कधी थांबतच नाहीत, थांबते ती फक्त मी. इरावतीबाईंचाही वेग मंदावला होता, पण त्यांनी विषय सोडला नाही.

टाळू, दुधाचे दात आणि शास्त्र

आता थोडं त्यांच्या शास्त्राबद्दल. हाडांवरून माणूस ओळखण्याच्या विद्येची एक शाखा आज गुन्ह्यांच्या तपासात आणि अपघातात बळी गेलेल्यांची ओळख पटवण्यासाठी वापरली जाते. तिला फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी म्हणतात. इरावतीबाईंचं काम पोलीस तपासाचं नव्हतं, पण शास्त्राचा पाया तोच. ज्या १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या त्याच साली अमेरिकेत विल्टन क्रॉगमन यांनी सांगाड्यावरून माणूस कसा ओळखावा याची मार्गदर्शिका एफबीआयच्या नियतकालिकात छापली आणि या शाखेला आकार येऊ लागला. पुढे मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हातापायांच्या लांब हाडांवरून उंची काढण्याची सूत्रं तयार केली.

सांगाडा समोर आला की पहिले प्रश्न तीन. हा पुरुष की बाई? वय काय असेल? उंची किती असेल? बाई की पुरुष हे मुख्यतः कंबरेच्या हाडांवरून कळतं, कारण बाळंतपणासाठी बाईच्या कंबरेचा घेर आतून रुंद असतो. उंची मांडीच्या हाडाच्या लांबीवरून काढतात. आणि वय? लहान मुलाचं वय तर बरंच नेमकं सांगता येतं. त्यासाठी लागणाऱ्या खुणा प्रत्येक आईला ठाऊक असतात.

बाळाला न्हाऊ घालताना आपण टाळू भरतो. डोक्याच्या मधोमध हात फिरवला की तिथे मऊ लागतं, खाली ठोका जाणवतो. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात म्हणून ती जागा मऊ असते. साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत टाळू भरून येते. सहा महिन्यांच्या सुमारास पहिला दात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी. वाढत्या वयात हाडांची टोकं वेगळी असतात, ती सोळा-अठरापर्यंत एकेक करून मूळ हाडाला जुळतात. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं आतलं टोक तर वीस वर्षांनंतर जुळतं. जन्मताना बाळाच्या अंगात साधारण तीनशे हाडं असतात. मोठेपणी ती २०६ होतात, कारण बरीचशी एकमेकांना जोडली जातात.

म्हणजे आई ज्या गोष्टी आनंदाने आजीला फोन करून सांगते, त्याच गोष्टी शास्त्रज्ञ वहीत नोंदवतो. दात आला, टाळू भरली, दाढ आली. हाडांचा अभ्यास करणाऱ्या बाईच्या मांडीवर मूल असेल तर तिचा अभ्यासविषयच तिच्या मांडीवर असतो असं म्हणायला हरकत नाही. मूल सांभाळण्यात गेलेली वर्षं विद्येच्या दृष्टीने वाया जातात या समजुतीवर हे एक साधं उत्तर आहे.

लांघणजची वाळू

१९४० च्या दशकातली गोष्ट. डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंचे सहकारी होते प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया. गुजरातेत मेहसाणाजवळ लांघणज नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकाडात दगडाची अगदी बारीक हत्यारं सापडत होती, नखाएवढी. हत्यारं आहेत म्हणजे ती वापरणारी माणसं असणार. पण माणसांचा पत्ता नव्हता. १९४४ च्या सुमारास सांकलिया आणि इरावतीबाई यांच्या मोहिमेत तिथे माणसांचे सांगाडे मिळाले. हातपाय पोटाशी दुमडून पुरलेले, काही हजार वर्षांपूर्वीचे, शिकार करून आणि कंदमुळं-फळं गोळा करून जगणारे लोक. भारताच्या प्राचीन इतिहासाच्या दृष्टीने हा फार मोलाचा शोध होता.

अशा ठिकाणी घाई चालत नाही. शेकडो वर्षं वाळूत राहिलेलं हाड ठिसूळ झालेलं असतं, जोरात ओढलं तर हातात चुरा येतो. वाळू थोडी थोडी बाजूला करायची, हाड कोणत्या बाजूला वळलेलं आहे ते पाहायचं, नोंद करायची, मगच उचलायचं. नंतर महिनोन्‌महिने मापं. या सांगाड्यांच्या अभ्यासात इरावतीबाईंबरोबर शरीररचनाशास्त्राचे तज्ज्ञ डॉ. कुरुलकर होते. पहिला अहवाल १९४५ साली निघाला आणि १९४९ साली सांकलिया आणि इरावतीबाई यांचा लेख अमेरिकेतल्या मानववंशशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला.

आता मुलांच्या जन्मसालांकडे पुन्हा पाहा. लांघणजच्या त्या दिवसांत जाई बारा-एक वर्षांची होती, आनंद आठेक वर्षांचा, आणि गौरी जेमतेम दोन-तीन वर्षांची. आई गुजरातेतल्या वाळूत, आणि घरात दोन-तीन वर्षांचं मूल. हे कसं जमलं?

हे कसं जमलं?

पहिलं उत्तर म्हणजे दिनकरराव. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले हे गृहस्थ घराच्या व्यवहारात पुरते गुंतलेले होते. पैशांचा हिशेब, रोजच्या व्यवहारातल्या कटकटी, बायकोच्या दौऱ्यांची सोय, हे सगळं त्यांनी आपलं काम मानलं. हाताखालच्या माणसाने मदत करावी तशी ती मदत नव्हती. घर दोघांचं आहे म्हणून ते काम दोघांचं होतं. इरावतीबाई त्यांना दिनू अशी हाक मारत. त्या काळातल्या पुण्यात बायकोने नवऱ्याला नावाने हाक मारणं ही लहान गोष्ट नव्हती. कुंकू आणि मंगळसूत्रही त्या वापरत नसत. पुढे पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून लोक त्यांना ओळखू लागले.

दुसरं उत्तर म्हणजे परिस्थिती. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. शिकलेलं घर, प्राध्यापकाचा पगार, मोठ्या माणसांच्या ओळखी, कर्ज देणारा हितचिंतक, आणि ज्या जातीत शिक्षणाची वाट आधीच मोकळी झालेली होती त्या जातीतला जन्म. त्याच काळात त्याच पुण्यात कितीतरी मुली इरावतीबाईंइतक्याच हुशार असतील आणि त्यांना यातलं काहीच मिळालं नसेल. म्हणून त्यांचं उदाहरण देऊन कुणा आईला टोचू नये. त्यांचं उदाहरण खरं म्हणजे त्या आईच्या नवऱ्याला, सासूला आणि मुख्याध्यापकांना सांगायला हवं. बाई शिकते तेव्हा तिच्या आजूबाजूची चार माणसं आपलं वागणं बदलतात. ती बदलली नाहीत तर बाईच्या हुशारीचा उपयोग होत नाही.

तिसरं उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्यांनी विषय असा धरला की घर आणि बाहेर यांच्यात भिंत राहिली नाही. कवट्या मोजणारी ही बाई नात्यांकडे वळली. मामा, आत्या, भाचा, नणंद, जाऊ हे शब्द भारताच्या वेगवेगळ्या भागांत काय सांगतात, मुलीचं माहेर तिला कुठे जवळ असतं आणि कुठे तुटतं, हे त्यांनी अभ्यासलं. १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि तो आजही अभ्यासकांच्या हातात असतो. कुणी म्हणेल नाती हा बायकांच्या गप्पांचा विषय. त्यांनी त्या गप्पांचं शास्त्र केलं.

मापांची मर्यादा

इरावतीबाईंच्या कामाची एक बाजू आज अवघड वाटते, तीही सांगायला हवी. बर्लिनमध्ये शिकलेली मापं घेण्याची पद्धत त्यांनी परत आल्यावरही सोडली नाही. महाराष्ट्रभर आणि बाहेरही फिरून त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींतल्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजली. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबरचा महाराष्ट्रातल्या मापांवरचा त्यांचा ग्रंथ १९५१ साली आला. माणसांना जातवार मोजण्याच्या या पद्धतीवर आजचे अभ्यासक टीका करतात, आणि ती टीका रास्त आहे.

पण त्या मापांतून त्यांनी काय काढलं तेही बघा. एकाच नावाखाली मोडणारे सगळे लोक एकसारखे असतात या समजुतीला त्यांच्या आकड्यांनी तडा दिला. निरनिराळे ब्राह्मण म्हणवणारे गटसुद्धा शरीराने एकमेकांपासून वेगळे निघतात, मग जात म्हणजे एकच रक्त हे म्हणणं टिकत नाही. बर्लिनमध्ये जसं झालं तसंच इथेही. पद्धत त्या काळाने दिलेली होती, आणि आकड्यांनी दिलं ते उत्तर लिहिण्याचा प्रामाणिकपणा त्यांचा स्वतःचा होता. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. थोर माणसाची फक्त स्तुती ऐकली की मुलं पाठ करतात, आणि दोन्ही बाजू ऐकल्या की विचार करतात.

कर्वेची आई

‘परिपूर्ती’ या संग्रहातल्या त्याच नावाच्या लेखात इरावतीबाईंनी आपल्या ओळखीबद्दल लिहिलं आहे. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते ती कुणाची सून, कुणाची बायको अशी. ऐकताना त्यांना सारखं वाटत राहतं की यात काहीतरी राहून गेलं. नंतर रस्त्याने जाताना त्यांच्या मुलाच्या वर्गातली मुलं त्यांना पाहतात आणि एक मुलगा दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्वेची आई. तेव्हा त्यांना ओळख पुरी झाल्यासारखं वाटतं.

या लेखावर वर्गात चर्चा घेतलीत तर मुली कदाचित चिडतील. एवढी शिकलेली बाई, आणि तिला आई म्हणवून घेण्यात पूर्णता वाटावी? हा राग मोडून काढू नका. त्यांना फक्त एवढं विचारा की हे लिहिणारी बाई त्या वेळी काय काय करत होती. तिच्या नावावर बर्लिनची डॉक्टरेट होती, हातात लांघणजची हाडं होती. आईपण आणि शास्त्र यातलं एक निवड असं तिला कुणी म्हटलं तरी तिने ते ऐकलेलं नव्हतं. तिच्या हिशेबात दोन्ही होतं, आणि त्यातल्या एकाबद्दल तिने मोकळेपणाने लिहिलं.

शेवटची वर्षं

पुढे इरावतीबाई १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाच्या अध्यक्ष झाल्या. १९५१-५२ मध्ये त्या लंडनमध्ये शिकवायला होत्या. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. डेक्कन कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या घडवल्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं ६४.

त्यांची तिन्ही मुलं आपापल्या वाटेने गेली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका झाल्या. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि ग्रामीण भागासाठी उपयोगी तंत्रज्ञानाचं काम त्यांनी उभं केलं.

वर्गात काय करता येईल?

१. प्रत्येक मुलाला आरशात किंवा मोबाइलच्या फोटोत आपल्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू नीट पाहायला सांगा. भुवया, कान, ओठांचे कोपरे. फरक लिहून काढा. मग विचारा की वर्गात कुणाच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत का. इरावतीबाईंचा विषय मुलांना पाच मिनिटांत कळेल.

२. पहिली ते सातवीच्या मुलांच्या दातांची नोंद घ्या. दुधाचे किती, पक्के किती, दाढा किती. इयत्तेनुसार तक्ता करा. मग एका मुलाची नोंद नाव न सांगता द्या आणि बाकीच्यांना वय ओळखायला लावा. हाडांवरून वय कसं काढतात याचा हा सोपा नमुना आहे.

३. मुलांनी आईला, आजीला, मावशीला विचारून यावं की तुझं शिक्षण कुठे थांबलं आणि का थांबलं, आणि कुणी काय केलं असतं तर ते थांबलं नसतं. उत्तरं वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती करू नका. वहीत राहिली तरी चालतील. पण मुलग्यांनाही हा प्रश्न घरी विचारायला लावा. उद्या नवरे व्हायचे आहेत ते हेच.

पालकांसाठी शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. कोयना धरणामुळे ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्या विस्थापितांची पाहणी इरावतीबाईंनी आयुष्याच्या अखेरीस केली. तिचं पुस्तक १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलं. उठवलेल्या माणसांना जमीन मिळाली का, पाणी मिळालं का, शब्द पाळले गेले का, याची ती नोंद आहे. पुस्तकावर लेखिका म्हणून दोन नावं आहेत, इरावती कर्वे आणि जाई निंबकर. १९३२ साली जन्मलेली थोरली मुलगी, जिच्या लहानपणी आईला आपल्या विषयाचं काम मिळत नव्हतं, तीच शेवटच्या कामात आईच्या बरोबरीने होती. आईचं शिक्षण चालू राहिलं तर मुलांचं नुकसान होईल का, या प्रश्नाला या घरापुरतं तरी उत्तर त्या मुखपृष्ठावर छापलेलं आहे.